नालबंद : टापांखालचा इतिहास

दरवर्षी जून महिन्यात नव्या वर्गाची हजेरी घेताना मुलांच्या आडनावांकडे माझे लक्ष जाते. अत्तार, मोमीन, तांबोळी, बागवान, पिंजारी, नालबंद. एकेका आडनावामागे एकेक धंदा उभा असतो. काही वर्षांपूर्वी 'नालबंद' हे आडनाव पुकारताच मागच्या बाकावरून कोणी तरी जिभेने टापांचा आवाज काढला आणि सारा वर्ग हसला. तो मुलगा मान खाली घालून 'हजर' म्हणाला. त्या दिवशी मी ठरलेला धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर घोड्याचा खूर काढला. त्या तासाला जे सांगितले, तेच थोड्या विस्ताराने येथे मांडीत आहे.

'नअल' हा अरबी शब्द. त्याचा अर्थ पायताण, आणि घोड्याचा नालही. त्याला फारसीतील 'बंद' जोडून नालबंद, म्हणजे नाल बांधणारा, हा शब्द झाला. नालबंदाचे काम म्हणजे लोखंडाचा तुकडा खिळ्यांनी ठोकणे, एवढीच आपली समजूत असते. ती खरी नाही.

खुराचे शास्त्र

घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर उभा असतो, आणि खूर म्हणजे त्या बोटाचे नख होय. नखाप्रमाणेच तो सतत वाढतो. महिन्याला साधारण 8 ते 10 मिलिमीटर इतकी ही वाढ असते. रानात हिंडणाऱ्या घोड्याचा खूर जेवढा वाढतो तेवढाच झिजतो. परंतु पाठीवर स्वार घेऊन खडकाळ वाटेने रोज मजल मारणाऱ्या घोड्याचा खूर वाढण्यापेक्षा अधिक झिजतो आणि घोडा लंगडतो. म्हणून नाल हवा. नाल मारला की झीज थांबते, पण वाढ थांबत नाही. म्हणून दर सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढून, वाढलेला खूर तासून पुन्हा नालबंदी करावी लागते.

नालबंद प्रथम जुन्या खिळ्यांची वळवलेली टोके सरळ करून नाल उपटतो. मग खुराची वाढलेली कड कापतो आणि कानशीने तळ सपाट करतो. तळव्याच्या मध्यभागी बाणाच्या टोकासारखा रबराप्रमाणे मऊ भाग असतो, त्याला पुतळी म्हणतात. पाऊल टेकताच ती दबते, धक्का सोसते आणि पायातील रक्त वर चढण्यास मदत करते. तिला उगाच तासले तर घोड्याचे नुकसान होते. यानंतर नाल ऐरणीवर ठोकून खुराच्या आकाराचा केला जातो. नाल खुराप्रमाणे वळवावा, नालासाठी खूर कापू नये, हा या विद्येचा पहिला नियम आहे.

खरी परीक्षा खिळ्याची. खुराची बाहेरची भिंत निर्जीव असते. तिच्या आत एक फिकट पांढरी रेषा दिसते आणि तिच्यापलीकडे जिवंत मांस सुरू होते. खिळा त्या रेषेच्या बाहेरूनच जाऊन भिंतीतून वर निघाला पाहिजे. त्यासाठी खिळ्याचे टोक एका बाजूने तिरपे केलेले असते. एका नालाला बहुधा सहा ते आठ खिळे लागतात. त्यातला एक जरी आत वळला, तरी घोडा लंगडा होतो. जाणता नालबंद हातोड्याच्या आवाजावरून खिळा कोठे चालला आहे ते ओळखतो.

नालाइतकीच रोजची निगाही महत्त्वाची. खुरात अडकलेले खडे, चिखल व लीद रोज काढावी लागते. तबेला ओला व घाण राहिला तर पुतळी सडते आणि तिला दुर्गंधी येते. इ. स. पूर्व चौथ्या शतकात ग्रीक लेखक झेनोफन याने खूर टणक राहावेत म्हणून घोडे गोट्यांच्या फरसावर उभे करण्याचा सल्ला दिला होता. खिळ्यांचे नाल त्याला ठाऊक नव्हते.

राज्ये तोलणारी विद्या

ही विद्या किती मोलाची होती, याची एक नोंद मार्को पोलोच्या प्रवासवर्णनात आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस तो तमिळ किनाऱ्यावरील पांड्यांच्या मुलखात आला होता. होर्मुझ, एडन इत्यादी बंदरांतून तेथे दरसाल हजारो घोडे येत. परंतु निगा ठाऊक नसल्याने त्यांतले बरेच मरत, आणि राजा पुन्हा नवे घोडे विकत घेई. पोलो लिहितो की, घोड्यांचे व्यापारी तेथे नालबंद-वैद्य जाऊच देत नसत. घोडे मेले नाहीत तर धंदा कसा चालणार? एक विद्या अडवून ठेवल्याने एका राज्याचा खजिना रिकामा होत होता, असाच याचा अर्थ.

दख्खनमध्ये मात्र ही विद्या देवाणघेवाणीतून वाढली. घोड्यांच्या वैद्यकावरील शालिहोत्राचा संस्कृत ग्रंथ बहमनी सुलतान अहमदशहा वली याच्या आज्ञेवरून फारसीत उतरवला गेला. घोड्याच्या वैद्याला उर्दूत 'सलोतरी' म्हणतात, तो शब्द शालिहोत्रावरूनच आला आहे. नालबंद हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि सलोतरी हा संस्कृतातून उर्दूत गेला. तबेल्यात भाषांची भिंत नव्हती.

अकबराच्या तबेल्याचा हिशेब 'आईने अकबरी'त सापडतो. त्यात घोड्यांना वर्षातून दोनदा नाल मारीत, व चार पायांच्या नालबंदीचा दर पूर्वीच्या 8 दामांवरून 10 दाम केला, अशी नोंद आहे.

आपल्या महाराष्ट्रापुरते पाहू. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची व्यवस्था दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि पंचवीस घोड्यांमागे पाणी देणारा एक पखालजी व एक नालबंद. पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांची एक हजारी. विद्यार्थी मित्रांनो, गणित करून पाहा. एका हजारीत 1250 घोडे, म्हणजे 5000 खूर आणि 50 नालबंद! सह्याद्रीच्या काळ्या खडकावरून ही घोडदळे धावली, त्यात या 50 माणसांच्या हातोड्याचा वाटा किती असेल? पुढे मोहिमेपूर्वी शिलेदारांना जी रक्कम आगाऊ देत, तिलाही 'नालबंदी' असेच नाव पडले. सरदारांची नावे बखरीत आली, नालबंदांची केवळ संख्या आली.

उरलेला धंदा

घोडदळे गेली तशी ही कला बैलांकडे वळली. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या लागतात, चार पायांना मिळून आठ. दोराने बैल आडवा पाडून पत्र्या मारणारा नालबंद ऊस वाहणाऱ्या गाड्यांच्या तळावर आजही भेटतो. मुंबईच्या व्हिक्टोरिया 2015 च्या उच्च न्यायालयाच्या निकालाने बेकायदा ठरल्या, पण माथेरानचे घोडे आणि पुण्या-मुंबईच्या शर्यतीचे तबेले यांचे काम नालबंदाशिवाय चालत नाही. 1886 साली मुंबईत पशुवैद्यक महाविद्यालय निघाले आणि जनावरांचे वैद्यक तेथे वर्गात शिकवले जाऊ लागले. नालबंदाचे ज्ञान मात्र बापाकडून मुलाकडे, हातातून हातातच गेले. ते कोणी कागदावर उतरवले नाही.

येथे आणखी एक नाव सांगितले पाहिजे. अरबीत नालबंद व घोड्याचा वैद्य या दोघांनाही 'बैतार' म्हणत. स्पेनमधील मालागा येथे एका बैताराच्या घरी जन्मलेल्या मुलाने पुढे चौदाशेहून अधिक औषधी व खाद्य पदार्थांची माहिती देणारा ग्रंथ लिहिला. 1248 साली दमास्कस येथे तो निधन पावला. जग त्याला आजही 'इब्न अल-बैतार', म्हणजे बैताराचा मुलगा, याच नावाने ओळखते. त्याने बापाचा धंदा सोडला, पण नाव लपवले नाही.

त्या दिवशी तास संपल्यावर तो मुलगा माझ्यापाशी आला. "सर, माझे दादा आता काम करत नाहीत. पण रस्त्यावरून घोडा गेला, की नुसत्या आवाजावरून कोणता पाय दुखतोय ते सांगतात," तो म्हणाला. मी त्याला एक कोरी वही दिली आणि आजोबांना विचारून सारे लिहून आणायला सांगितले. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याने वही आणली. अक्षर वेडेवाकडे होते, पण हत्यारांची नावे, खुराचे आजार आणि त्यांवरचे उपाय मिळून अकरा पाने भरली होती. पुढच्याच वर्षी ते आजोबा वारले. त्या घरातल्या चार पिढ्यांच्या विद्येपैकी आज जे काही शिल्लक आहे, ते या अकरा पानांत.

पालकांनी मुलांना डॉक्टर, इंजिनीअर जरूर करावे. परंतु आपले आजोबा काय करीत होते, हे सांगताना आवाज खाली आणू नये. आणि विद्यार्थ्यांनी या सुट्टीत एक वही घेऊन घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसावे. धंदा कोणताही असो, विचारावे आणि लिहून घ्यावे.