नाणेघाटाच्या पायथ्याची अंजनी

कल्याणहून जुन्नरकडे जाणारा सातवाहनकालीन व्यापार ज्या नाणेघाटाने चढे, आणि ज्याच्या माथ्यावरील दगडी रांजणात जकातीची नाणी पडत असे लोक सांगतात, त्याच्या पायथ्याशी मौजे वैशाखरे वसले असून, तेथून वर दिसणाऱ्या सह्याद्रीच्या रानांत अंजनी नावाचे सदाहरित झुडूप वाढते. फाल्गुनाच्या सुमारास तिच्या जुन्या, निष्पर्ण फांद्यांवर निळ्याजांभळ्या फुलांचे झुपके असे दाटतात की लाकडालाच मोहोर फुटला असा भास व्हावा. एरवी समोरासमोरची चिवट, चकचकीत पाने आणि माथ्यावर निदलपुंजाचा मुकुट मिरवणारे काळसर फळ एवढी ओळख पुरते. खानदेशातील अंजन हा वृक्ष निराळा, त्याचे पान जोडपानी. नामसाधर्म्याने मात्र भलेभले फसतात. १८४७ साली मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झालेले अलेक्झांडर गिब्सन यांनी डाल्झेल यांच्यासह १८६१ मध्ये ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ काढला, आणि त्यात या रानांतील वनस्पतींची रीतसर दप्तरनोंद झाली. पानांतून पिवळा रंग काढणाऱ्यांना त्या नोंदीची गरज कधीच नव्हती. ज्यास परसात अंजनी हवी, त्याने ताजे बी सावलीत पेरावे आणि घाई करू नये. ती फार सावकाश वाढते.