आजीचं बोट आणि वीस हजार सुया

आजीच्या डाव्या हाताच्या तर्जनीवर, पहिल्या पेराच्या कडेला, एक खाच आहे. तांदळाचा दाणा आडवा बसेल एवढी. लहानपणी मी ती नखाने चाचपून बघायचो, तेव्हा ती म्हणायची, "सुतानं कापलंय ते. विळीनं कापलेलं भरून येतं, सुतानं कापलेलं नाही येत."

लग्न होऊन ती भिवंडीत आली ते साल तिला सांगता येत नाही. थोरल्या काकांच्या जन्मावरून मागे मोजलं की 1955 च्या आसपास येतं. पुढच्या खोलीत रहाट होता. कारखान्यातून सुताच्या लड्या घरी यायच्या. लडी फाळक्यावर चढवायची, उजव्या हाताने रहाट फिरवायचा, डाव्या हाताच्या बोटांतून सूत सोडत लाकडी कांडी भरायची. ही कांडी धोट्याच्या पोटात बसते, धोटा ताण्यातून आरपार धावतो आणि कापडाचा आडवा धागा पडतो. कांडी सैल भरली तर मागावर सूत गुंततं, फार घट्ट भरली तर तुटतं. किती ओढायचं ते बोटाला कळावं लागतं. आजीच्या बोटाला ते कळत होतं आणि त्याची किंमत त्या बोटाने दिली.

शेजारी चाची राहायच्या. त्यांच्या घरी हातमाग होता, पुढे यंत्रमाग आले. आजीच्या कांड्या बहुतेक त्यांच्याकडेच जायच्या. दुपारी दोघी ओट्यावर बसून सूत निवडायच्या आणि चाची त्यांच्या सासऱ्यांकडून ऐकलेली गोष्ट सांगायच्या. 1857 च्या धामधुमीनंतर त्यांच्या घरातली माणसं उत्तर प्रदेशातल्या मऊकडून निघाली. मागाचं लाकूड आणणं शक्य नव्हतं, म्हणून एक धोटा तेवढा कपड्यात गुंडाळून घेतला. आग्र्याचा रस्ता धरून चालत राहिले. कुणी बुऱ्हाणपूरला थांबलं, कुणी मालेगावला. हे पुढे आले. "फिर यहाँ क्यों रुके?" असं मी एकदा विचारलं होतं. चाची म्हणाल्या, "आगे पानी था, बेटा."

इतिहासाच्या पुस्तकांत याची कारणं सापडतात. विलायती गिरण्यांच्या कापडाने आधीच विणकरांचा धंदा मोडला होता, दुष्काळ होते, त्यात बंडानंतरची दडपशाही आली. मऊ, आझमगढ, अलाहाबादकडचे मोमीन विणकर दक्षिणेकडे सरकले आणि त्यांतले बरेच भिवंडीत स्थिरावले. कामवारीच्या काठचं हे जुनं बंदर त्याआधी तांदळासाठी ओळखलं जाई. पण मला अजूनही चाचींचं उत्तर जास्त खरं वाटतं. पाय थांबले ते खाडीपाशी.

1930 च्या दशकात इथे विजेवरचे माग आले. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, पद्मानगर वसलं. 18 जानेवारी 1982 ला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरणी मालक आपलं कापड भिवंडीत विणून घेऊ लागले. आजोबांचे लालबागचे चुलतभाऊ, तीन पिढ्यांचे गिरणीवाले, त्या वर्षी आमच्याकडे येऊन राहिले. ज्या कापडामुळे संप मोडत चालला होता तेच कापड पोटासाठी इथल्या मागांवर विणत होते. ते रात्री जेवायला बसले की कुणाशी बोलत नसत, एवढं मला आठवतं.

मे 1984 च्या दंगलीत चाची मुलांना घेऊन नातेवाइकांकडे गेल्या. जाताना एक पत्र्याची पेटी आजीच्या हातात दिली. आजीने ती तांदळाच्या कोठीमागे ठेवली आणि वर गोधड्या रचल्या. चाची परत आल्या तेव्हा पेटी आमच्यासमोर उघडली. आत थोडे दागिने होते, कागद होते आणि तळाशी जुन्या धोतराच्या फडक्यात तो धोटा. मऊहून आलेला. दोन्ही टोकं झिजून गोल झालेली, मधला भाग हाताच्या तेलाने काळा. गोष्टीतली वस्तू खरंच असते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

माझी मुलगी चित्रकला शिकते. मागच्या दिवाळीत तिने फोनवर एक फोटो आणून दाखवला. एक पलंग, त्यावर मधोमध सुयांचं रान उगवलेलं. वीस हजार सुया. प्रत्येक सुईच्या नेढ्यातून निघालेला पांढरा दोरा पलंगावरून खाली उतरतो आणि जमिनीवर दोऱ्याच्या एका छोट्या गुंड्यात संपतो. उशीत व्हिडिओचा एक पडदा बसवलेला, त्यावर दोरा गुंडाळणारे हात सतत चाललेले. लिन तियान्मियाओ या चिनी कलाकाराचं हे 1995 चं काम. तिचा जन्म 1961 चा, तायुआनचा. आईच्या हाताखाली दोरा गुंडाळत ती वाढली. पुढे न्यूयॉर्कमध्ये कापडाची डिझाइनं केली आणि बीजिंगला परतल्यावर त्याच लहानपणच्या कामाकडे वळली. नंतर तिने घरातल्या शेकडो वस्तू, भांडीकुंडी आणि हत्यारं, पांढऱ्या दोऱ्याने गच्च गुंडाळून मांडल्या. वस्तू ओळखू येते, वापरता येत नाही.

मुलीने फोन आजीपुढे धरला. आजी नव्वदीची आहे, डोळ्याला कमी दिसतं. तिने फोटो मोठा करून घेतला, फक्त गुंडे बघितले. मग विचारलं, "एकटीनं केलंय?" आणि थोड्या वेळाने, "हिला ठाऊक आहे गं. ओढ सारखी आहे बघ सगळीकडं."

मी या वाक्यावर पुष्कळ विचार केला आहे. कलेबद्दल इतकं नेमकं बोललेलं मी फार कमी ऐकलं आहे. आजीने पलंगाचा अर्थ विचारला नाही, सुया का म्हणून विचारलं नाही. तिने बोट ओळखलं.

चीनमधल्या त्या पिढीच्या कामात आईचं घर आणि तिच्या हातच्या वस्तू पुन्हा पुन्हा दिसतात. सोंग डोंग या बीजिंगच्या कलाकाराचे वडील 2002 मध्ये गेले. टंचाईच्या काळात घडलेली आई काहीच टाकत नसे. नवरा गेल्यावर तिने घर वस्तूंनी भरून टाकलं. 2005 मध्ये मुलाने आईलाच सोबत घेऊन ते सगळं एका दालनात मांडलं. साबणाच्या वड्या, चिंध्या, रिकाम्या बाटल्या, बूट, टोपणं अशा दहा हजारांहून जास्त वस्तू, जातवार लावलेल्या. 'पुरेपूर वापरावं' अशा अर्थाची चिनी म्हण हेच त्याचं नाव. 2009 मध्ये आई गेली, त्याच वर्षी ते न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात लागलं. कारखान्यातल्या चिंध्यांची गाठोडी माळ्यावर ठेवणारी आणि पावसाळ्यात त्यांच्या गोधड्या शिवणारी आजी ज्यांच्या घरात होती, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. आमच्या एका गोधडीत मागाच्या काठाची कोरी पट्टी, काकांच्या शाळेच्या सदऱ्याचा निळा तुकडा आणि चाचींनी ईदला दिलेल्या कापडाचा उरलेला हिरवा कोपरा एकाच धावदोऱ्यात आहेत.

चीन आणि आपला ठाणे जिल्हा एकाच छपराखाली एकदा आले होते, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. 1989 मध्ये पॅरिसमध्ये जगभरच्या शंभरावर कलाकारांचं मोठं प्रदर्शन भरलं. त्यात चीनचे हुआंग योंग पिंग होते. त्यांनी कपडे धुण्याच्या यंत्रात वर्तमानपत्रं धुऊन लगदा केला आणि त्यातून दक्षिण चीनमध्ये असतात तशा कासवाच्या पाठीच्या आकाराच्या कबरी उभ्या केल्या. आणि त्याच प्रदर्शनात तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातले, डहाणूकडच्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे होते.

मुंबईच्या विव्हर्स सर्व्हिस सेंटरचे भास्कर कुलकर्णी सत्तरच्या दशकात वारली पाड्यांवर गेले, तेव्हा वारली चित्रं कागदावर उतरली. हातमागाला नवी नक्षी मिळावी म्हणून हे केंद्र काढलं होतं, तिथे चित्रकार नोकरीला ठेवले जात. प्रभाकर बरवेही तिथलेच. म्हणजे वारली चित्र पॅरिसला पोहोचलं त्या वाटेवरही पहिलं पाऊल विणकरांच्या कचेरीतून पडलं होतं. जिव्या मशेंना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. त्यांचं मोठेपण मला मान्य आहेच. पण त्यांच्या आधी शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सुवासिनी होत्या, पिढ्यान् पिढ्या. त्यांच्यापैकी एकीचंही नाव आपल्या तोंडी नाही. चौक लिहून झाला, लग्न लागलं, पावसाळ्यात भिंत ओली झाली.

कांड्या भरणाऱ्या बायकांचंही तसंच झालं. देशातले सगळ्यात जास्त यंत्रमाग जिथे आहेत असं भिवंडीबद्दल सांगतात, त्या गावात आज जुने माग किलोवर भंगारात जातात. चाचींच्या नातवांनी तीन वर्षांपूर्वी कारखाना बंद केला. टेम्पो भरत होता तेव्हा मी तिथे उभा होतो. बिडाचे तुकडे, लाकडी धोटे, कांड्यांच्या पाट्या, सगळं एका ढिगात. थोरला नातू आत गेला आणि फडक्यातला तो मऊचा धोटा आणून माझ्या हातात दिला. "आपके घर एक बार बचा था, वहीं रखिए," म्हणाला.

तेव्हापासून तो आमच्याकडे आहे. माझ्या मुलीने त्याला सुती दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली आहे. कुणाचा, कुठून आला, कोणत्या वर्षी कुठे लपवला होता आणि त्यातली कांडी कुणाच्या हातची असायची, हे त्यावर लिहिलं आहे. दोरा आजीने गुंडाळला, ओढ सारखी ठेवून.

भिवंडीत, मालेगावात, इचलकरंजीत, सोलापुरात, ज्यांच्या घरी अजून एखादा धोटा, रहाट किंवा कांडी पडली असेल, त्यांना माझी विनंती आहे. भंगारवाला दारात यायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसापाशी बसा. वस्तू त्यांच्या हातात द्या, ते बोलतील ते लिहून घ्या आणि तो कागद त्या वस्तूलाच बांधून ठेवा.