पट्टा करवत
ओंडके चिरण्याचे अवजड यंत्र. वर-खाली बसवलेल्या दोन मोठ्या चाकांवरून दातेरी पोलादी पट्टा अखंड फिरतो आणि रुळांवरच्या गाडीवर आवळलेला ओंडका त्याला भिडतो. विल्यम न्यूबेरी यांनी १८०८ मध्ये इंग्लंडमध्ये याचे एकस्व घेतले. पण पट्ट्याचा सांधा टिकेना. फ्रान्सच्या ॲन पॉलिन क्रेपँ यांच्या सांधणीच्या पद्धतीने (१८४६) ती अडचण बरीचशी दूर झाली. पाते पातळ असल्याने गोल करवतीपेक्षा भुसा कमी पडतो. सागवानासारख्या महाग लाकडात ही बचत मोठी.

मोठी यंत्रे बहुधा मागणीनुसार बांधतात. ओंडक्याचा घेर, लांबी आणि लाकडाची जात कळल्यावर चाकांचा व्यास, मोटारीची ताकद व गाडीची लांबी ठरते. सागवानात सिलिका असते, दात लवकर बोथट होतात. म्हणून टोकांवर स्टेलाइट हा कठीण मिश्रधातू चढवतात. बारीक निलगिरीसाठी एवढे धूड उभारणे म्हणजे निव्वळ उधळपट्टी. पट्ट्याचा ताण बिघडला तर फळी वाकडी निघते, त्यामुळे धार लावणारा कारागीर यंत्राइतकाच महत्त्वाचा.

सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर १९९६ च्या आदेशानंतर अशी यंत्रे चालवणाऱ्या भारतातील सॉ मिलवरील नियंत्रण कडक झाले. महाराष्ट्रात सॉ मिलसाठी वनविभागाचा परवाना लागतो.