मूळ चाक म्हणजे कधीचं चाक? जीपच्या पोलादी रिमकडे पुरावा म्हणून पाहताना

संशोधनाची तयारी करणाऱ्यांना पहिल्यांदा शिकवलं जातं ते कागद वाचायला: पत्रं, अहवाल, गॅझेट, जनगणना. वस्तू वाचायला फार कुणी शिकवत नाही. म्हणून आज एक अगदी साधी वस्तू घेऊया, दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचं पोलादी चाक. जुनी जीप दुरुस्त करताना मालकापुढे दोनच पर्याय असतात, असं वरवर वाटतं. मूळ चाकं साफ करून वापरायची, नाहीतर नवी आणायची. पण यातला ‘मूळ’ हा शब्द आपण इतिहासाचे विद्यार्थी म्हणून सहज सोडून देऊ शकत नाही. मूळ म्हणजे नक्की कधीचं?

आधी चाक समजून घेऊ

अमेरिकी लष्कराला हलकी, चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी हवी होती. बँटम या छोट्या कंपनीने पहिला नमुना सप्टेंबर 1940 मध्ये मेरीलँडमधल्या कॅम्प होलाबर्डला पोचवला. पुढे विलीस आणि फोर्डही आले. 1941 मध्ये विलीसचा आराखडा पक्का झाला आणि तोच आराखडा वापरून फोर्डनेही गाड्या बनवायच्या, असं ठरलं. विलीसची गाडी ती ‘एमबी’ आणि फोर्डची ती ‘जीपीडब्ल्यू’. दोन्ही मिळून युद्धकाळात सहा लाखांहून जास्त गाड्या तयार झाल्या.

सुरुवातीच्या एमबीला साधं, एकसंध चाक होतं. त्याची रिम 16 इंच व्यासाची आणि 4 इंच रुंद होती. नंतर लष्करी गाड्यांवर 4.50 इंच रुंदीची, दोन भागांची रिम आली. जुन्या गाड्यांचे शौकीन तिला ‘कॉम्बॅट रिम’ म्हणतात. तिचे दोन अर्धे भाग आठ नट-बोल्टनी एकमेकांना जोडलेले असतात. मध्ये एक कडं बसतं आणि ते टायरच्या दोन्ही कडा रिमला दाबून धरतं. टायरमधली हवा गेली तरी टायर रिमवरून निसटू नये आणि गाडीला धोक्याच्या जागेतून थोडं पुढे जाता यावं, हा त्यामागचा हेतू. रणांगणावर पंक्चर काढत बसायला वेळ कुठून येणार?

युद्ध संपल्यावर ही गरज उरली नाही. 1945 मध्ये विलीसने शेतकरी आणि इतर नागरी ग्राहकांसाठी सीजे-2ए ही जीप काढली आणि तिला पुन्हा एकसंध चाक दिलं. 1950 मध्ये आलेल्या एम-38 या लष्करी जीपवरही एकसंध चाकच होतं.

म्हणजे काही वर्षांतच चाक बदललं आणि परत साध्या रूपात आलं. वापर बदलला की वस्तू बदलते, याचं इतकं सुटसुटीत उदाहरण सहसा हाती लागत नाही.

‘मूळ’ या शब्दाला तारीख लागते

समजा, तुमच्यासमोर 1941 च्या अखेरीस बनलेली एमबी आहे आणि तिला कॉम्बॅट रिम लावलेल्या आहेत. त्या मूळ आहेत का? कारखान्यातून गाडी बाहेर पडली त्या दिवसाचा विचार केला, तर बहुधा नाहीत. पण 1943 मध्ये लष्कराच्याच वर्कशॉपने त्या बदलल्या असतील, तर त्या गाडीच्या युद्धातल्या आयुष्याचा खरा भाग आहेत. त्या काढून ‘शुद्ध’ एकसंध चाकं लावली, तर कारखान्यातला एक दिवस परत मिळेल, पण युद्धातली वर्षं पुसली जातील.

चाकाच्या बाबतीत हा गोंधळ जास्त होतो, कारण चाक हा गाडीतला सगळ्यात सहज बदलता येणारा भाग आहे. जीपला सुट्या चाकासकट पाच चाकं. ती आपसात फिरवली जातात. एमबीचं चाक जीपीडब्ल्यूला बसतं. लष्करी डेपोत गाड्या खोलून जोडताना विलीसचे आणि फोर्डचे भाग सर्रास मिसळले गेले. त्यामुळे ‘चाक मूळ आहे’ हे वाक्य अपुरं आहे. ‘हे चाक अमुक काळात या गाडीवर असू शकतं, कारण…’ हे झालं इतिहासाचं विधान. त्यातला ‘कारण’ सिद्ध करायचा, हे आपलं काम.

चार साधनं, चार मर्यादा

पहिलं साधन लष्कराची माहितीपुस्तिका. या जीपची टीएम 9-803 ही पुस्तिका फेब्रुवारी 1944 ची आहे. तपशील भरपूर, पण तिच्यातली जीप 1944 ची आहे. 1941 च्या गाडीबद्दल तिचा दाखला दिला, तर तो कालविपर्यास होतो. नंतरच्या कायद्याच्या आधारे आधीचा खटला वाचण्यासारखंच ते.

दुसरं साधन सुट्या भागांची यादी. या गाडीची लष्करी यादी जी-503 या क्रमांकाने ओळखली जाते. जुना भाग कुठला, त्याच्या जागी कुठला चालतो, हे अशा यादीतून कळतं. पण यादी काय लावता येतं ते सांगते. काय लावलं होतं ते सांगत नाही.

तिसरं साधन छायाचित्रं. एकसंध चाक आणि कॉम्बॅट रिम यांतला फरक फोटोत चटकन दिसतो. रिमच्या बाहेरच्या वर्तुळावर आठ नट दिसले की ओळख पटली. फोटोची तारीख मात्र तपासून घ्यायला हवी. फोटोखालची ओळ पुष्कळदा नंतर कुणीतरी लिहिलेली असते.

चौथं साधन म्हणजे खुद्द चाक. फोर्ड आपल्या अनेक भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही, ‘एफ’ अक्षर उमटवत असे. पण एका बोल्टवर ‘एफ’ दिसला म्हणून अख्खी गाडी फोर्डची ठरत नाही. शिवाय आज तसे ‘एफ’वाले नवे बोल्टही विकत मिळतात. जुन्या एमबीच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलट्या आट्यांचे नट असत, म्हणजे सोडवताना पान्हा नेहमीपेक्षा उलट फिरवावा लागतो. तिथे आज सरळ आटे सापडले, तर कधीतरी स्टड किंवा हब बदललं गेलं हे नक्की. कधी, ते मात्र चाक एकटं सांगणार नाही.

रंग खरवडण्याआधी थांबा

खरी हानी बहुतेक वेळा चांगल्या हेतूनेच होते. गंजलेलं चाक थेट सँडब्लास्टिंगला जातं, तासाभरात चकाचक होतं आणि त्यावर लष्करी हिरवा रंग चढतो. दिसायला छान! पण गंजाबरोबर रंगाचे सगळे थरही गेलेले असतात. त्या थरांमध्ये कारखान्याचा रंग, डेपोचा रंग आणि युद्धानंतरच्या मालकाने मारलेला रंग एकावर एक असू शकतात. रुपयाच्या नाण्याएवढी जागा बारीक पॉलिश पेपरने ओलसर घासत गेलं, तर हे थर खोडाच्या वलयांसारखे उघडतात. त्याचा फोटो घ्या, मोजपट्टी ठेवा, चाकाचा कुठला भाग ते लिहा. अर्ध्या तासाचं काम आहे. सँडब्लास्टिंगनंतर ते कायमचं अशक्य होतं.

याचा अर्थ जुनं ते सगळं वापरात ठेवावं, असा मुळीच नाही. चाकावर माणसांचा जीव असतो. स्टडची भोकं लांबट झाली असतील, डिस्कला तडा असेल, टायर बसतो तिथलं पोलाद गंजाने खाल्लं असेल, तर ते चाक रस्त्यावर नको. तडा वेल्डिंगने बुजवून काम भागवणं तर नकोच. चाक जिथे हबला टेकतं तिथे रंगाचा जाड थर राहिला, तर तो पुढे दबतो आणि नट सैल पडतात.

कॉम्बॅट रिमचा धोका तर वेगळाच आहे. पाच नट चाकाला हबशी जोडतात आणि आठ नट रिमचे दोन भाग एकत्र धरतात. टायरमध्ये हवा असताना त्या आठांना हात लावला, तर रिम स्फोटासारखी उघडते. वॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण गेल्याची खात्री करायची, मगच पुढचं काम. हे काम माहितगारानेच करावं. वस्तू अभ्यासणाऱ्यालाही हे माहीत हवं, कारण ज्या आठ नटांवरून आपण चाकाचा काळ ओळखतो, तेच आठ नट जिवावर बेततात.

मग दुरुस्ती की बदल? वारसा-जतनाच्या क्षेत्रात याला बऱ्यापैकी उत्तर आहे. वास्तूंसाठीच्या 1964 च्या व्हेनिस सनदेचं तत्त्व असं, की अंदाज सुरू होतो तिथे पुनर्रचना थांबली पाहिजे. त्याच धर्तीवर जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने 2012 मध्ये ट्युरिन सनद संमत केली. बदललेला भाग ओळखता यावा आणि कामाची नोंद राहावी, ही तिची अपेक्षा आहे. आपल्या उदाहरणात याचा अर्थ सोपा आहे: धावायला नवं, खूण केलेलं चाक लावा आणि एखादं जुनं चाक न घासता, न रंगवता जपून ठेवा.

आणि आपल्याकडची जीप?

हा प्रश्न इथे दूरचा नाही. 1945 मध्ये स्थापन झालेली आणि 1948 पासून महिंद्रा अँड महिंद्रा या नावाने ओळखली गेलेली कंपनी मुंबईत माझगावला विलीसच्या जीप जोडू लागली. पुढे उंच बॉनेटची सीजे-3बी आणि तिच्या सुधारित आवृत्त्या कित्येक दशकं इथल्या रस्त्यांवर धावल्या. या जीपला एकसंध चाकंच असत. आज तिला कॉम्बॅट रिम लावून, हिरवा रंग देऊन, बॉनेटवर पांढरा तारा काढून ‘दुसऱ्या महायुद्धातली जीप’ म्हणून मिरवणं सोपं आहे. हौस म्हणून कुणी तसं केलं, तर हरकत घेणारे आपण कोण? पण त्या गाडीचा स्वतःचा इतिहास, म्हणजे स्वातंत्र्यानंतरच्या सरकारी दौऱ्यांचा, शेतांचा, घाटरस्त्यांचा इतिहास, एका उसन्या युद्धाखाली झाकला जातो. तो लिहायला अजून भरपूर वाव आहे.

तुमचा विषय जीपचा नसेल. पातं असेल, जातं असेल, छापखान्याचा खिळा असेल. प्रपोझल लिहिताना ‘मूळ’, ‘अस्सल’, ‘पारंपरिक’ असा शब्द आला की पेन थांबवा आणि समासात तीन प्रश्न लिहा. कधीचं? कशावरून? आणि हे मूळ दाखवण्यासाठी मधला कुठला काळ मी पुसतोय? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागेल. तो लागू द्या.