तुरुंगाचा अधीक्षक डॉक्टरच का असे?

जुलै १९३०. लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह आरंभिला. राखीव जंगलातील गवत कापून कायदा मोडायचा, असे त्याचे स्वरूप. २१ जुलैला यवतमाळजवळच्या लोहारा येथे डॉ. केशव बळीराम हेडगेवारांच्या तुकडीने हाच कायदेभंग केला आणि नऊ महिन्यांची शिक्षा होऊन त्यांची रवानगी अकोल्याच्या तुरुंगात झाली. तुरुंगात गेलेल्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आज पाहू तुरुंग चालविणाऱ्याकडे. एवढ्या मोठ्या जबाबदारीसाठी सरकार माणूस कोणता निवडीत असे?

उत्तर काहीसे अनपेक्षित आहे: डॉक्टर. यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी तुरुंगाचे अधीक्षकपद बहुधा सिव्हिल सर्जनकडे असे. मोठ्या मध्यवर्ती तुरुंगांवर इंडियन मेडिकल सर्व्हिसचे, म्हणजे लष्करी हुद्द्याचे डॉक्टर नेमले जात.

यामागे दया नव्हती, हिशेब होता. एकोणिसाव्या शतकात पटकी आणि हगवण यांनी तुरुंगांत माणसे मरत. न्यायाधीशाने दोन वर्षांची सजा द्यावी आणि कैदी सहा महिन्यांत दगावावा, ही गोष्ट सरकारची अब्रू घालविणारी होती. शिवाय सर्जन जिल्ह्यात आधीच पगारावर असे. दुसरा साहेब पोसण्याचा खर्च वाचे.

१८९४च्या तुरुंग कायद्याने या सोयीला अधिकृत रूप दिले. (वऱ्हाड कायद्याने निजामाचा मुलूख; तेथे इंग्रजांचे कायदे वेगळ्या हुकमांनी लावावे लागत.) कलम ६ सांगते की प्रत्येक तुरुंगाला अधीक्षक असावा, वैद्यकीय अधिकारी असावा, आणि वैद्यकीय अधिकारी हाच अधीक्षकही असू शकेल.

हे शेवटचे वाक्य निरुपद्रवी वाटते. पण त्याच कायद्याचे कलम ४६ पाहा. तुरुंगातील अपराधाबद्दल अधीक्षक कैद्याला तीस फटक्यांपर्यंत वेताची शिक्षा देऊ शकत असे. कलम ५० म्हणते, वैद्यकीय अधिकाऱ्याने कैद्याला तपासून तो शिक्षा सोसण्यास योग्य असल्याचे लिहून दिल्यावाचून फटके मारू नयेत. कैद्याच्या रक्षणासाठी घातलेली ही अट खरोखर चांगली होती. मात्र दोन्ही पदे एकाच्या हाती असली, की सकाळी ज्याने शिक्षा फर्मावली त्यानेच दुपारी नाडी पाहून प्रमाणपत्र द्यायचे! कायदा करणाऱ्यांना ही विसंगती दिसली नसेल, असे मानणे मला कठीण जाते.

दुसरी अडचण वेळेची. सर्जनला इस्पितळ, शवविच्छेदने आणि कोर्टातील साक्षी सांभाळून तुरुंगाची फेरी मारावी लागे. आत राहण्याचे बंधन होते जेलरवर. परवानगीशिवाय त्याला एक रात्रही बाहेर काढता येत नसे. त्याच्या हाताखाली वॉर्डर, आणि त्यांत कैद्यांमधूनच नेमलेले पहारेकरी. कलम २३ने या कैद्यांनाही लोकसेवक ठरविले होते. कागदावर राज्य डॉक्टरचे. रोजचा भात, रोजचे काम आणि रोजची मारहाण मात्र या खालच्या साखळीच्या हाती.

सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालील १९१९-२०च्या समितीने हिंदुस्थानातील तुरुंग पाहिले, परदेशांतलेही पाहिले. कैदी सुधारणे हे तुरुंगाचे उद्दिष्ट असावे आणि त्यासाठी प्रशिक्षित माणसे हवीत, असा तिचा आग्रह होता. तरी डॉक्टरांची वाट बंद झाली नाही. १९३२मध्ये गांधीजी येरवड्यात असताना तेथील अधीक्षक मेजर भंडारी हे आयएमएसचेच. पुढे आगाखान पॅलेसच्या दिवसांत तेच कर्नल भंडारी मुंबई प्रांताच्या तुरुंग खात्याचे प्रमुख होते.

डॉक्टरांमुळे तुरुंगातील पाणी, अन्न, शौचकूप यांकडे लक्ष गेले, हे नाकारता येणार नाही. परंतु माणूस जिवंत ठेवणे आणि त्याला पुन्हा गावात राहण्याजोगा करणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्या कामासाठी माणूस कुठून आणायचा, हा प्रश्न स्वातंत्र्यानंतरही उरला. येरवड्यात कारागृह अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण महाविद्यालय उभे राहिले. खात्याच्या शिखरावर मात्र पोलिस सेवेतील अधिकारी येऊ लागले.

१९८० ते १९८३ या काळात न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला यांच्या समितीने कारागृहांसाठी स्वतंत्र अखिल भारतीय सेवा निर्माण करण्याची शिफारस केली. तुरुंग हा राज्यसूचीतील विषय आहे. ती सेवा अद्याप अस्तित्वात आलेली नाही.