झाकण बंद, लॅपटॉप चालू

तर झालं असं. जून २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे मी पुण्याहून कोरेगावला घरी होतो. (सातारा जिल्ह्यातलं कोरेगाव. भीमा कोरेगाव नव्हे, हे दरवेळी सांगावं लागतं!) पुतणीची आठवीची शाळा ऑनलाइन सुरू होणार होती आणि घरात जास्तीचा लॅपटॉप एकच, तो म्हणजे माझा जुना. त्याची एक बिजागरी तुटलेली. झाकण उघडलं की कर्रर्र आवाज व्हायचा आणि आतली स्क्रीनची वायर ओढली जायची. रोज उघडझाप केली तर महिन्याभरात बाईसाहेबांची शाळा बंद, हे दिसतच होतं.

म्हटलं, झाकण उघडायचंच कशाला? ओळखीच्या एकाकडून वापरलेला मॉनिटर आणला, कीबोर्ड-माउस जोडला, विंडोजमध्ये 'झाकण मिटल्यावर काही करू नकोस' हे निवडलं. झकास चाललं. संध्याकाळी तिनं शहाण्या मुलीसारखा लॅपटॉप शट डाउन केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हाक आली, "काका, आता चालू कसा करायचा?"

चालू करायचं बटण झाकणाखाली!

हा मूर्खपणा आला कुठून, म्हणून मग इतिहास उकरायला बसलो.

स्क्रीन कीबोर्डवर मिटायची ही कल्पना रूढ झाली ती १९८२ च्या ग्रिड कंपासमुळे. बिल मॉग्रिज या ब्रिटिश डिझायनरनं त्याला तो आकार दिला. किंमत आठ हजार डॉलरच्या वर. नासानं तो अंतराळयानातूनही नेला. पण गंमत म्हणजे या पहिल्या कंपासला बॅटरीच नव्हती, भिंतीतल्या सॉकेटला जोडल्याशिवाय तो चालत नसे. त्यामुळे झाकण मिटणं म्हणजे सामान आवरणं, एवढाच अर्थ. प्रवासात स्क्रीनला ओरखडे पडू नयेत म्हणून झाकण.

पुढे बॅटऱ्या आल्या आणि वीज वाचवायची गरज आली. जानेवारी १९९२ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्टनं एपीएम नावाचं मानक काढलं, त्यात मशीनला झोपवायची रीत ठरली. डिसेंबर १९९६ मध्ये तोशिबालाही बरोबर घेऊन एसीपीआय आलं. त्यात झाकणाला स्वतःची ओळख मिळाली : झाकण उघडं आहे की मिटलेलं, हे हार्डवेअरनं फक्त कळवायचं, पुढे काय करायचं ते ऑपरेटिंग सिस्टिमनं ठरवायचं. कळतं कसं? बहुतेक लॅपटॉपमध्ये झाकणाच्या कडेला एक छोटं लोहचुंबक असतं आणि खाली कीबोर्डच्या बाजूला सेन्सर. त्यातला नेहमीचा सेन्सर ज्या तत्त्वावर चालतो, ते एडविन हॉलनं १८७९ मध्ये शोधलं. तेव्हा बिचाऱ्याची पीएचडी चालू होती!

म्हणजे मिटलं की झोप, हा काही निसर्गनियम नाही. कुणीतरी घेतलेला निर्णय आहे, आणि तो आपल्याला बदलता येतो. पण नीट बघा, हा सगळा कारभार मशीन चालू असताना. मशीन बंद असेल तर विंडोज जागीच नाही, मग तिच्या सेटिंगला विचारतो कोण? तेव्हा जागी असते ती मदरबोर्डवरची एक छोटी चिप. ती बटणाकडे, चार्जरकडे लक्ष ठेवून असते. चालू करायचं तर तिला काहीतरी इशारा हवा.

हा प्रश्न ॲपलला १९९२ मध्येच पडला होता. त्या ऑक्टोबरात पॉवरबुक ड्युओ आला, आणि सोबत ड्युओ डॉक. व्हीसीआरमध्ये कॅसेट सारावी तसा मिटलेला लॅपटॉप डॉकच्या पोटात सारायचा, वर मॉनिटर ठेवायचा. झाकणापर्यंत हातच पोचत नाही म्हटल्यावर सगळा कारभार बाहेरून करणं भागच होतं. नंतर ऑफिसच्या लॅपटॉपांसाठी जे डॉक निघाले, त्यातल्या कित्येकांवर चालू करायचं बटण असतं ते याचसाठी. उलट २०१६ च्या मॅकबुक प्रोमध्ये झाकण उघडणं हाच चालू करायचा इशारा झाला. म्हणजे माझ्या अगदी विरुद्ध पार्टी!

आमच्याकडे डॉक नव्हता. पण बायॉसमध्ये एक ओळ सापडली : चार्जरची वीज आली की मशीन चालू कर. केलं. आता सकाळी बोर्डावरचं बटण दाबलं की लॅपटॉप सुरू, झाकणाला हात नाही. मी मोठ्या ऐटीत सगळ्यांना दाखवलं.

आणि चार दिवसांनी पावसात लाईट गेली. आली ती रात्री दोनला. मधल्या खोलीत अचानक पंख्याची घरघर आणि भिंतीवर निळा उजेड. आई उठून बसली. "अरे, बघ तरी कोण आहे!"

दादा मात्र हसायला लागला. म्हणाला, "तू लॅपटॉपला ऑटो बसवलास की रे!"

शेतीच्या मोटारीला असतो तो ऑटो स्विच. शेतीची थ्री फेज लाईट पाळीनं, कधी दिवसा, कधी रात्री. रात्री उठून विहिरीवर कोण जाणार? म्हणून लाईट आली की मोटार आपोआप सुरू. दुरून चालू करायचा हा प्रश्न आमच्या भागाला नवा नाहीच. मिरजेच्या गाडीत बसलात तर वाटेत किर्लोस्करवाडी लागते, लक्ष्मणरावांनी १९१० मध्ये वसवलेली. तिथं नांगरांपाठोपाठ पंप बनू लागले. पंप झाले, विजेच्या मोटारी आल्या, पण वीज कधी येईल हे शेतकऱ्याच्या हातात कधीच नव्हतं. ऑटोचा तोटाही दादाला पाठ : लाईट आली की सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि ट्रान्सफॉर्मरवर भार येतो. म्हणून तर महावितरण सांगत असतं, ऑटो काढा, कॅपॅसिटर बसवा.

दादानं उपायही लगेच सांगितला. "झोपताना बोर्डाचं बटण बंद करायचं. मग लाईट येऊ दे नाहीतर जाऊ दे."

इतकं साधं! मी दोन तास बायॉसमध्ये घालवले होते आणि हे सुचलं नव्हतं. तेव्हापासून पुतणी रात्री बटण बंद करायची, सकाळी चालू करायची. ती बिजागरी तशीच तुटलेली राहिली, झाकण कुणी उघडलं नाही, आणि शाळा पुन्हा प्रत्यक्ष भरेपर्यंत तिचा एकही तास लॅपटॉपपायी बुडला नाही.

तुमच्याकडेही असा बिजागरी तुटलेला लॅपटॉप पडला असेल, तर भंगारात देण्याआधी बायॉसमधली ती ओळ शोधून बघा. प्रत्येक मशीनमध्ये नसते, पण असली तर कुणाची तरी शाळा चालू राहील. हवा खेळायला त्याच्या भोवती जागा मात्र सोडा. आणि हो, रात्री बोर्डाचं बटण बंद करा. नाहीतर घरात कुणीतरी उठून बसेल :)