मोटारीचा दिवा आणि बैलगाडीचा कंदील

मराठींतील ‘दिपणें’ हें क्रियापद मोठें विचार करण्यासारखें आहे. दीप म्हणजे दिसण्याचें साधन. परंतु त्याच धातूपासून आपल्या पूर्वजांनीं जें क्रियापद बनविलें तें न दिसण्याचें आहे. डोळे दिपले म्हणजे कांहीं दिसेनासें झालें. राजवाड्याचें वैभव किंवा नववधूचे दागिने पाहून आपले डोळे दिपले असें आपण कौतुकानें म्हणतों, आणि त्या कौतुकाच्या भरांत मूळ अर्थाचा विसर पडतो. मला त्या मूळ अर्थाची ओळख वयाची पन्नाशी उलटल्यावर झाली, आणि तीहि ग्रंथांत नव्हे, तर कड्याहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर.

कडा हें बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांतील बाजाराचें गांव. आमचें वडिलोपार्जित घर तेथें आहे. नोकरीनिमित्त मी नगरास (२०२४ पासून त्याचें सरकारी नांव अहिल्यानगर) स्थायिक झालों, तरी सणावाराची कड्याची फेरी चुकत नाहीं. दिवाळी आटोपण्याच्या सुमारास या बाजूचीं असंख्य कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिमेकडील साखर कारखान्यांकडे निघतात. कोणी ट्रकनें जातात, कोणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलींतून. ज्यांचा कारखाना त्यांतल्या त्यांत जवळ आहे ते बैल जुंपून, भांडींकुंडीं आणि पोरेंबाळें गाडींत घालून रातोरात वाट कापतात. कांहीं वर्षांपूर्वीं अशाच एका रात्रीं मी कड्याहून परत येत होतों. चिचोंडी पाटील अजून यावयाचें होतें. समोरून एक उंच मोटार पांढराशुभ्र झोत टाकीत आली. रिवाजाप्रमाणें मीं माझे दिवे खालीं केले, दोनदां वरखालीं करून तिला विनंतीहि केली; तिनें क्षणभर दिवे खालीं केल्यासारखें केलें आणि पुन्हां होते तसे वर केले. ती निघून गेल्यावर माझ्यापुढें काजव्यांखेरीज कांहीं नव्हतें. त्या काजव्यांतून एकदम एका बैलगाडीची मागची बाजू वर आली. अंगांतलें सर्व बळ पायांत आणून मीं ब्रेक दाबला, तेव्हां माझी मोटार त्या गाडीच्या फळीपासून हातभर अंतरावर उभी राहिली. फळीला डोकें टेकून एक मूल झोपलें होतें. तें जागेंहि झालें नाहीं.

माझ्या भीतीचें रूपांतर, मनुष्यस्वभावाप्रमाणें, रागांत झालें. ‘‘दिवा लावायला काय होतं?’’ असें मीं गाडीवानाला दरडावून विचारलें. तो खालीं उतरला, वांकला, आणि आंसाखालीं टांगलेला कंदील सोडवून त्यानें माझ्यापुढें धरला. कंदील पेटलेला होता. ‘‘दिवा हाय की, सायेब,’’ तो म्हणाला, ‘‘पर त्येच्यापुढं ह्यो कसा दिसावा?’’

त्या वेळीं मला उत्तर सुचलें नाहीं. पुढें जें वाचलें आणि पाहिलें, त्यावरून जें उत्तर हातीं आलें तें येथें मांडतों.

मोटारीपूर्वींच्या रस्त्यावर दूरचें दाखविणें हें दिव्याचें काम नव्हतेंच. पालखीपुढें मशालजी धांवे. एका हातांत चिंध्यांची मशाल, दुसऱ्या हातांत तेलाची बुधली. त्या उजेडांत भोयांना पुढचीं पांचदहा पावलें दिसत, आणि माणसाच्या चालीला तेवढें पुरे. गाडीखालच्या कंदिलाचें काम त्याहूनहि साधें : ‘मी येथें आहें’ इतकेंच सांगणें. वाट बैलांना माहीत असते. गाडीवान पुष्कळदां झोपलेलाच असतो. दिवा चालीच्या प्रमाणांत होता, म्हणून एकाच्या दिव्यानें दुसऱ्याची दृष्टि जाण्याचा प्रसंग येत नसे. मिरवणुकींत मात्र उजेड जरा जास्त लागे, आणि ‘टेंभा मिरवणें’ या प्रयोगांत आपल्या लोकांनीं अशा उजेडाविषयींचें आपलें मत नोंदवून ठेवलें आहे.

मोटार आली तेव्हां तिनेंहि प्रथम जुनेच दिवे उचलले. आधीं घासलेटचे, मग ॲसिटिलीनचे. कॅल्शियम कार्बाइडवर पाण्याचे थेंब पडले कीं जो वायु निघतो तो आरशापुढें जाळावयाचा. हाच दिवा पुढें आपल्याकडे सायकलीवर आणि जत्रेंतल्या दुकानांतून होता. त्याचा तो उग्र वास वडील पिढीच्या वाचकांस आठवत असेल. १८९८ सालीं अमेरिकेंतील कोलंबिया मोटारीवर विजेचे दिवे आले. त्याच सुमारास मुंबईच्या रस्त्यांवर पहिल्या मोटारी दिसूं लागल्या. १९१२ मध्यें कॅडिलॅक कंपनीनें इंजिन सुरू करणारी वीज आणि दिव्यांची वीज एकाच व्यवस्थेंत आणली. तेथून पुढें दिव्याचें तेज वाढतच गेलें आणि त्याबरोबर समोरून येणाराची तक्रारहि.

या तक्रारीवर जे उपाय निघाले त्यांचा क्रम मला फार बोधप्रद वाटतो. १९१५ च्या सुमारास अमेरिकेंत खालीं वांकणारा दिवा निघाला. परंतु तो वांकवावयाचा तर मोटार थांबवून, खालीं उतरून, हातानें वांकवावा लागे. समोरच्या अनोळखी माणसासाठीं इतके कष्ट कोण घेतो! १९१७ मध्यें आंत बसल्या जागेवरून दिवा वांकविण्याची दांडी आली. १९२४ मध्यें एकाच फुग्यांत दोन तारा असलेला ‘बायलक्स’ दिवा आला, एक तार दूरच्यासाठीं, दुसरी जवळच्यासाठीं. आणि १९२७ मध्यें पायानें दाबावयाची कळ आली. म्हणजे बारा वर्षांच्या अवधींत सौजन्याची किंमत गाडींतून उतरण्यावरून पायाच्या एका दाबावर आली. इतकी स्वस्ताई होऊनहि तें सौजन्य रस्त्यावर सर्रास आढळत नाहीं, याला यंत्रशास्त्राजवळ उत्तर नव्हतें. २०१३ मध्यें ऑडी कंपनीनें समोरच्या वाहनाचे दिवे ओळखून आपल्या झोताचा तेवढाच भाग आपोआप मंद करणारी योजना बाजारांत आणली, हें खरें. परंतु ती ज्याला चुकवते तो दिवा आहे. ज्याच्याजवळ दिवा नाहीं, किंवा आंसाखालीं कंदील आहे, त्याला ओळखण्यासाठीं ती केलेली नाहीं.

या कळीला आपल्याकडे ‘डिपर’ म्हणतात. ट्रकच्या पाठीवर ‘यूज डिपर ॲट नाइट’ असें रंगविलेलें नसेल तर तो ट्रक अपुरा वाटतो. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘खालीं वांकविणें’ एवढाच. पण माझ्या एका विद्यार्थ्यानें हा शब्द ‘दिपणें’ यापासून निघाला असावा असें निबंधांत लिहिलें होतें, आणि आमच्या रस्त्यांवरील त्याचा उपयोग पाहतां ही व्युत्पत्ति अगदींच टाकाऊ म्हणवत नाहीं. इंग्लंडांत समोरच्यानें दिवे चमकावले तर बहुधा ‘तुम्ही आधीं या’ असा अर्थ घेतात. येथें ‘मी येत आहें, तुम्ही थांबा’ असा घ्यावयाचा असतो.

असो. फ्रान्सनें निराळी वाट धरली. पिवळा उजेड डोळ्यांस कमी खुपतो अशा समजुतीनें १९३६ मध्यें तेथें मोटारींना पिवळे दिवे सक्तीचे करण्यांत आले, आणि ती सक्ति १९९३ पर्यंत टिकली. आपल्याकडचा उपाय याहून स्वस्त होता : दिव्याच्या कांचेचा वरचा भाग काळ्या रंगानें माखावयाचा. १९७१ च्या युद्धांत मुंबईच्या मोटारींचे दिवे काळे झाले तेव्हां ते फार तत्परतेनें झाले. पण ती भीति विमानाची होती, बैलगाडीची नव्हे.

आमच्या रस्त्यावर हा सर्व इतिहास उशिरां आणि एकदम आला. आष्टी तालुका निजामाच्या राज्यांतला, नगर आणि जामखेड इंग्रजी मुलखांतलीं. आज नगरहून कडा, आष्टी करीत जामखेडास जाणारा प्रवासी जुन्या नकाशावर दोनदां सरहद्द ओलांडतो. निजाम सरकारच्या रेल्वेनें १९३२ सालीं मोटारबस सुरू केल्या त्या अवघ्या सत्तावीस गाड्यांनिशीं. इकडे १ जून १९४८ रोजीं नगर-पुणें मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धांवली, त्या दिवशीं कडा परराज्यांत होतें; सप्टेंबरांतील पोलिस कारवाईनें तें राज्य संपलें, आणि १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यांत आला. याच काळांत, १९५० सालीं, नगर जिल्ह्यांत प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि मागोमाग इतर निघाले. म्हणजे मोटार आणि ऊसतोडीची बैलगाडी या दोघी, एकमेकींची नीट ओळख होण्यापूर्वींच, एकाच पिढींत एकाच अरुंद सडकेवर लोटल्या गेल्या. मोटारीच्या दिव्यानें त्यानंतर तीन वेळां कात टाकली : १९६२ पासून हॅलोजन, १९९१ पासून झेनॉन, आणि या शतकांत एलईडी. बैलगाडीचा कंदील मात्र होता तसाच राहिला.

आतां गाडीवानाच्या प्रश्नाकडे वळूं. प्रकाशाचें माप कँडेला या एककांत करतात. एक कँडेला म्हणजे ढोबळमानानें एका मेणबत्तीचें तेज. चांगल्या कंदिलाचें तेज दहा मेणबत्त्यांच्या आसपास धरावें. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलींत एका मोटारीच्या सर्व दूरच्या झोतांची मिळून जी कमाल मर्यादा आहे ती ४,३०,००० कँडेला. एकास त्रेचाळीस हजार हें प्रमाण त्या रात्रीं त्या फळीच्या मागें उभें होतें.

पुढचें काम डोळा स्वतःच करतो. बुबुळामागील भिंगांत आणि आंतील द्रवांत तीव्र प्रकाश विखुरतो व सगळ्या देखाव्यावर दुधी पडदा पसरतो. त्या पडद्याहून मंद जें असेल तें दिसेनासें होतें. वय वाढेल तसें भिंग गढूळ होतें आणि पडदा दाट होतो. शिवाय साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या मानानें सुमारें तिसरा हिस्साच उजेड पोहोंचतो. पडद्यावर एक जांभळट द्रव्य असतें, तें फ्रान्झ बोल या शास्त्रज्ञानें १८७६ सालीं प्रथम ओळखलें. तें उजेडानें विटतें आणि अंधारांत हळूहळू पुन्हां भरून येतें. अंधाराची पुरती संवय होण्यास अर्धा तास लागतो, ती मोडण्यास एक झोत पुरतो. ताशीं साठ किलोमीटरनें जाणारी मोटार सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर पुढें सरकते. मीं वर काजव्यांचा उल्लेख केला ते दोनतीन सेकंद टिकले असतील. तेवढ्यांत चाळीस-पन्नास मीटर रस्ता मीं डोळे मिटून काटला, आणि खालीं केलेल्या दिव्याचा पल्लाहि साधारण तेवढाच असतो.

कायद्यानें या गोष्टीकडे दुर्लक्ष केलें असें म्हणतां येणार नाहीं. आपल्याकडे मोटारींचा अखिल भारतीय कायदा १९१४ मध्यें झाला, मग १९३९ मध्यें, मग १९८८ मध्यें. १९८९ च्या केंद्रीय नियमांतील १०६ वा नियम सांगतो कीं, दिव्याचा झोत कायमचा इतका खालीं वळविलेला असावा कीं दिव्यापासून ८ मीटर पुढें, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा असेल त्याला तो दिपवूं शकणार नाहीं. नियम करणाऱ्यानें मोजपट्टी घेऊन एका काल्पनिक माणसाला रस्त्याच्या कडेला उभें केलें, याचें मला कौतुक वाटतें. अडचण एवढीच कीं हा माणूस सपाट जमिनीवर उभा आहे. बालाघाटाच्या चढउतारांवर मोटार माथ्यावर आली कीं खालीं वळविलेला झोतहि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मागें चार माणसें आणि ज्वारीचें पोतें असलें कीं गाडीचें नाक वर होतें आणि नाकाबरोबर दिवेहि. यासाठीं पुष्कळ मोटारींत दिव्यांची उंची कमीजास्त करणारें लहानसें चाक असतें. तें कशासाठीं आहे असें मीं पांचसहा सुशिक्षित मित्रांस विचारलें, आणि एकालाहि सांगतां आलें नाहीं.

त्यांस हंसण्याचा अधिकार मला नाहीं. हा लेख लिहावयास घेतल्यावर, नियमांतील तीं मापें एकदां पडताळून पाहावीं म्हणून मीं माझी मोटार एका ओळखीच्या मेकॅनिककडे नेली. संध्याकाळीं त्यानें ती भिंतीपासून आठ मीटरांवर उभी केली, भिंतीवर खडूनें दीड मीटर उंचीची खूण केली आणि दिवे लावले. डावा झोत खुणेच्या पुष्कळ खालीं पडला. उजवा खुणेच्या वर वीतभर गेला होता. मेकॅनिकनें कांहीं न बोलतां झाकण उघडलें, पेचकसानें एक स्क्रू फिरवला, आणि तो झोत भिंतीवरून सावकाश खालीं उतरला. किती दिवसांपासून हा दिवा असा होता, असें त्यानें विचारलें. मोटार घेतल्याला सात वर्षें झालीं होतीं. मला सांगतां आलें नाहीं.